डोळ्यात मलम घालण्यापूर्वी: वेंगुर्ल्यातल्या एका पत्रकाच्या प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५

पत्रकाचं काम आजपासून हातात घेतलं. पाऊस सुरू झाला की माझ्या मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी दरवर्षी वाढते: "ताई, मांजराचे डोळे इलेहत, एक ट्यूब द्या." कधी मांजर, कधी कुत्रा, कधी शेळी. जनावर घरी, माणूस काउंटरवर, आणि हातात फक्त वर्णन: लाल झालाय, चिपडं येतात, पाणी गळतं. एवढ्यावर ट्यूब देणं बरोबर नाही. अँटिबायोटिकचं डोळ्यांचं मलम हे चिठ्ठीवरच विकायचं औषध आहे, पाकिटावरची लाल रेघ त्यासाठीच असते.

पण नुसतं "नाही" म्हणून माणूस परत पाठवला की तो घरी जाऊन फडताळ उघडतो. तिथे एक अर्धी उरलेली ट्यूब असतेच. कोणाच्या तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची, कोणाच्या तरी रांजणवाडीची, नाहीतर खरजेची. मला खरी काळजी त्या फडताळातल्या ट्यूबची आहे.

ठरवलं ते असं: एका कागदाची घडी घातलेलं पत्रक, मोठ्या अक्षरात, मराठीत. ज्यांना डॉक्टरांनी मलम लिहून दिलंय त्यांनी ते कसं घालायचं, आणि ज्यांना दिलेलं नाही त्यांनी कशाची वाट न बघता जनावरांचा दवाखाना गाठायचा. औषध निवडण्याचा सल्ला त्यात नसेल. तो पत्रकाचा अधिकार नाही, माझाही नाही. मजकूर दवाखान्यातले डॉक्टर तपासून देणार.

१८ जून

दुपारी दवाखान्यात बसले. आमचा दवाखाना श्रेणी-१ चा, म्हणजे पशुधन विकास अधिकारी डॉक्टर स्वतः बसतात.

मोचेमाडहून एक काका मोतीला घेऊन आले होते. गावठी कुत्रा, उजवा डोळा गच्च मिटलेला, गालावरचे केस ओले. मांजराचा पंजा लागला होता. डॉक्टरांनी फ्लुरेसिनची पट्टी काढली. कागदाची बारीक पट्टी, टोकाला नारिंगी रंग. टोकावर सलाईनचा एक थेंब टाकला, पट्टी खालच्या पापणीच्या आत क्षणभर टेकवली, डोळा सलाईनने धुतला, खोलीतला दिवा बंद केला आणि निळा प्रकाश धरला. बुबुळावर खालच्या बाजूला एक तिरकी हिरवी रेघ लखलखली. कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा थर खरवडला गेला की आतल्या थरात हा रंग मुरतो. थर शाबूत असेल तर रंग धुऊन जातो. सगळी तपासणी काही मिनिटांची. पण ती झाल्याशिवाय कोणती ट्यूब चालेल हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

काकांनी खिशातून ट्यूब काढून पुढे केली. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर उरलेली. अजून घातली नव्हती, आधी विचारावं म्हणून आणली होती. घटक वाचले: टोब्रामायसिन आणि डेक्सामेथासोन. पहिलं अँटिबायोटिक, दुसरं स्टिरॉइड.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते जवळजवळ तसंच लिहून ठेवते. स्टिरॉइड सूज आणि लाली झटपट उतरवतं, म्हणून पहिल्या दिवशी डोळा सुधारल्यासारखा दिसतो. पण आत जखम भरून येणं मंदावतं, जंतूंना अडवणारी ताकद कमी होते, आणि कॉर्नियातलं कोलॅजन विरघळवणारी एन्झाइम्स जोर धरतात. कॉर्निया मऊ पडून अक्षरशः वितळायला लागतो. जंतू जहाल असतील तर एक-दोन दिवसांत भोक पडून डोळा जाऊ शकतो. मांजरात आणखी एक भर: त्यांच्या डोळ्यांच्या बऱ्याचशा तक्रारींमागे हर्पीसचा विषाणू असतो, आणि स्टिरॉइडने तो चेवतो.

मोतीला नुसत्या अँटिबायोटिकचे थेंब, वेदनेची गोळी आणि डोळा खाजवता येऊ नये म्हणून गळ्यात घालायचा कोन दिला. काका सरळ इथे आले म्हणून त्या कुत्र्याचा डोळा वाचेल, असं डॉक्टर म्हणाले. पत्रकाचं पहिलं वाक्य मला तिथेच मिळालं: "घरात उरलेली ट्यूब घालू नका, ती खिशात घालून दवाखान्यात आणा."

२३ जून

ट्यूब वाचायची कशी, हा भाग लिहायला घेतला. दुकानातल्या डोळ्यांच्या सगळ्या ट्यूबा टेबलावर मांडून बसले.

माणसांची ट्यूब म्हणून जनावराला वाईट, असं काही नाही. टोब्रामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, क्लोरामफेनिकॉल ही माणसांसाठी बनवलेली डोळ्यांची औषधं पशुवैद्य कुत्र्या-मांजरांनाही लिहून देतात. प्रश्न असतो सोबत काय मिसळलंय याचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, हायड्रोकॉर्टिसोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन ही सगळी स्टिरॉइडं. ब्रँडच्या नावामागे डी, डीएम, एच अशी अक्षरं दिसली तर शंका घ्यायचीच, पण अक्षर नसलं म्हणून निर्धास्त राहायचं नाही. काही औषधांत मूळ नावच स्टिरॉइडचं असतं आणि अँटिबायोटिक मागच्या अक्षरात. म्हणून बारीक अक्षरातली घटकांची ओळ वाचायची. ती वाचता येत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून दुकानात दाखवायची.

दुसरी गल्लत त्वचेच्या मलमाची. एकाच नावाचं एक मलम त्वचेचं आणि एक डोळ्याचं, डबीही सारखीच. त्वचेचं मलम डोळ्यासाठी निर्जंतुक केलेलं नसतं, त्याचा तेलकट पाया, म्हणजे ज्यात औषध मिसळतात तो भागही वेगळा असतो आणि तो डोळ्याला झोंबतो. डोळ्याच्या ट्यूबवर "ऑफ्थॅल्मिक" किंवा "आय ऑइंटमेंट" छापलेलं असतं. नसेल, तर डोळ्यापासून लांब.

रात्री भूल देणाऱ्या थेंबांबद्दलही एक ओळ घातली. तपासताना डॉक्टर ते एखाददुसरा वापरतात. घरी पुन्हा पुन्हा घातले तर कॉर्नियाला इजा होते आणि जखम भरतच नाही. दुखणं थांबतं म्हणून कोणी मागितले तरी द्यायचे नाहीत.

५ जुलै

बचत गटातल्या बायकांना कच्चा मजकूर वाचायला दिला. त्यांच्याकडे शेळ्या आहेत, मांजरं तर घरोघरी.

"मलमाची अर्धा सेंटिमीटर लांबीची रेघ" हे कोणालाच पटलं नाही. मी "तांदळाच्या दाण्याएवढी" असं केलं. लगेच मागच्या ओळीतल्या काकींनी विचारलं, "कुठलो तांदूळ? उकडो की सुरय?" विचारणं बरोबर होतं, मापाला नेमकेपणा हवाच. उकड्या तांदळाचा एक दाणा, असं पक्कं केलं. जास्त घातलं म्हणून लवकर बरं होत नाही. जास्तीचं मलम पापणीबाहेर येतं, केसांना चिकटतं, जनावर पंजाने पुसतं आणि डोळा आणखी खरवडतो.

शेळ्यांचा विषय निघाला तेव्हा चर्चा बराच वेळ चालली, आणि चालायलाच हवी होती. शेळ्यांचे डोळे येतात ते मोराक्सेला, मायकोप्लाझ्मा, क्लॅमिडिया अशा जंतूंनी, आणि एकीचं दुसरीला, माश्यांमार्फत, गोठाभर पसरतं. आजारी शेळी वेगळी, सावलीत बांधायची. आधी निरोग्यांचं चारापाणी, मग आजारीकडे, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. औषध डॉक्टरांनाच विचारून. त्यातही क्लोरामफेनिकॉल शेळी, गाय, म्हैस, कोंबडी यांना अजिबात नाही. ज्या प्राण्यांचं दूध, मांस, अंडी आपण खातो त्यांच्यासाठी या औषधाला मनाई आहे. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये त्यासाठी त्याचं उत्पादन, आयात आणि विक्रीही बंद केली. कारण माणसाच्या अस्थिमज्जेवर त्याचा क्वचित, पण जिवावर बेतणारा परिणाम होतो, आणि तो किती मात्रेला होईल याची खालची मर्यादा ठरवता येत नाही. कुत्र्या-मांजराच्या डोळ्यात हेच मलम घालणाऱ्यानेही हात धुवायचे ते याच कारणाने.

बैलांवरून एक आजोबा बोलले. बायकांच्या बैठकीला ते मुद्दाम येऊन ओट्यावर बसले होते. "आमी तर बैलाच्या डोळ्यात तंबाखू घालतंव. पाणी व्हावला काय डोळो साफ." डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावलं: पाणी वाहतं ते आग होते म्हणून. त्या पाण्याबरोबर थोडी घाण जाते खरी, पण तंबाखूचे कण जखमेवर नवी जखम करतात. चुना त्याहून वाईट, तो कॉर्निया जाळतो. मध, दूध, हळद, काजळ हेही डोळ्यात नको. त्यातलं काहीच निर्जंतुक नसतं. आजोबांनी विचारलं, मग गाडी येईपर्यंत करायचं तरी काय? हा प्रश्न पत्रकाच्या मधोमध घेतला. उत्तर: उकळून कोमट केलेल्या स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने डोळा हळू धुवायचा, जनावर सावलीत बांधायचं, डोळा घासू द्यायचा नाही, आणि १९६२ ला फोन करायचा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे तो.

१९ जुलै

मलम घालायचं प्रात्यक्षिक. डॉक्टरांनी स्वतःच्या घरचं मांजर आणलं होतं, चिंगी. पत्रकात मी हातांची पकड चार ओळींत लिहिली होती. समोर बघितल्यावर कळलं की त्या चार ओळींना चित्रं हवीत.

आधी सफाई. चिपडं सुकून पापण्या चिकटल्या असतील तर ओढून काढायच्या नाहीत. कोमट पाण्यात भिजवलेली गॉजची घडी मिनिटभर डोळ्यावर धरायची, मग पुसायचं, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला. प्रत्येक डोळ्याला नवी घडी. कापूस नको, धागे आत राहतात. जखमा धुण्याचं जंतुनाशक तर नकोच, त्यातले साबणासारखे घटक कॉर्नियाला भाजतात.

मग पकड. मांजर जुन्या पंचात गुंडाळलं, फक्त डोकं बाहेर. ते आपल्याकडे तोंड करून बसवायचं नाही. पाठ आपल्या पोटाला, तोंड समोर, म्हणजे मागे सरकायला जागा राहत नाही. ट्यूब समोरून आणली की प्राणी घाबरतो, म्हणून हात मागून, डोक्यावरून आणायचा. डाव्या हाताने हनुवटी उचलून नाक छपराकडे करायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने खालची पापणी किंचित खाली ओढायची. पापणी आणि बुबुळ यांच्यात छोटा खिसा तयार होतो. मलम त्या खिशात पडलं पाहिजे, बुबुळावर नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला उजव्या हाताची वाटली. डॉक्टर ट्यूब हवेत धरत नाहीत. हाताची कड चिंगीच्या कपाळावर टेकवतात. तिने डोकं झटकलं तरी हात तिच्याबरोबरच हलतो, आणि ट्यूबचं टोक डोळ्यात घुसत नाही. एक दाणा मलम सोडलं, ट्यूब थोडी फिरवून रेघ तोडली, पापण्या मिटून काही क्षण बोटाने हलक्या धरल्या, झालं. टोक ना पापणीला लागलं ना केसांना. लागलंच, तर ट्यूबमध्ये त्याच डोळ्यातले जंतू जातात आणि पुढच्या वेळी तेच परत घातले जातात.

नंतर पाच-दहा मिनिटं प्राण्याला धूसर दिसतं. त्या वेळात त्याला कठड्यावर, विहिरीच्या काठावर किंवा रस्त्यावर सोडायचं नाही. सुकटीचे दोन तुकडे द्यायचे. पुढच्या वेळी ते पंचा बघून पळत नाही.

थेंब आणि मलम दोन्ही लिहून दिले असतील तर थेंब आधी, पाच मिनिटं थांबून मलम. उलट केलं तर मलमाच्या तेलकट थरामुळे थेंब आत पोहोचत नाहीत.

डोळा फुटलाय, खोल चिरलाय अशी शंका असेल तर मलम नाहीच. तेलकट पाया डोळ्याच्या आत गेला तर तिथे मोठी सूज येते. अशा वेळी काही न लावता, न दाबता, गळ्यात कोन घालून थेट डॉक्टर.

२ ऑगस्ट

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, होड्या पुन्हा पाण्यात. बंदराच्या जेटीवर मासळीबरोबर मांजरंही परतली. एका मासेविक्रेत्या ताईने टोपलीत तीन पिल्लं आणून दाखवली, सगळ्यांचे डोळे पूने चिकटलेले, शिंकत होती. हे मांजरांच्या सर्दीचं दुखणं. मूळ विषाणूचं, वर जंतूंची भर. त्यातल्या क्लॅमिडियावर टेट्रासायक्लिन गटाचं औषध चालतं, पण नुसत्या मलमाने तो जंतू अंगातून जात नाही. पोटातून डॉक्सिसायक्लिन काही आठवडे द्यावं लागतं, आणि गोळीनंतर पाणी पाजावं लागतं, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण पडतो. डोळे उघडण्याच्या वयाआधीच पापणीमागे पू साठलेलं पिल्लू दिसलं तर तो दिवसही थांबायचा नाही. पू आत कोंडला तर कॉर्निया खराब होतो.

तिन्ही पिल्लं दवाखान्यात पोहोचली.

११ ऑगस्ट

मांजरांसाठी चौकट वेगळी केली. निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी, बॅसिट्रॅसिन असली मिश्रणं डोळ्यात घातल्यावर मांजराला क्वचित तीव्र अ‍ॅलर्जी होते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोळ्याच्या औषधानंतर चार तासांच्या आत असं झालेल्या ६१ मांजरांच्या नोंदी आहेत. आकडा लहान आहे आणि ही मलमं हजारो मांजरांना त्रास न होता घातली जातात. तरी माझा आग्रह एका वाक्याचा होता, तो डॉक्टरांनी मान्य केला: मांजराला नव्या मलमाचा पहिला डोस सकाळी घाला, दवाखाना उघडा असताना, आणि नंतर त्याच्यावर लक्ष ठेवा. कडू चवीने थोडी लाळ येते आणि थांबते. उलट्या, धाप, तोंडाला सूज, अंग टाकणं हे दिसलं तर लगेच डॉक्टर.

३० ऑगस्ट

चतुर्थीला चाकरमानी आले, यंदा बऱ्याच घरांत त्यांच्याबरोबर कुत्रेही आले. पग, शिह त्झू. या चपट्या नाकाच्या जातींचे डोळे खोबणीबाहेर आलेले, पापण्या पूर्ण मिटत नाहीत, आणि कॉर्नियाची संवेदनाही कमी. त्यामुळे जखम झालेली लवकर कळत नाही आणि कळते तेव्हा खोल गेलेली असते.

आरतीच्या गडबडीत एक कुटुंब काउंटरवर आलं, मुंबईहून आणलेली ट्यूब संपत आली म्हणून तीच हवी होती. चिठ्ठी नव्हती. मी कच्च्या पत्रकातले तीन प्रश्न विचारले. डोळा मिटून ठेवतो का? बुबुळ धुरकट, निळसर किंवा पांढरं दिसतं का? एकाएकी झालं का? तिन्ही उत्तरं हो. ट्यूब मागच्या वर्षी उघडलेली निघाली. मुदत छापील अजून शिल्लक होती, त्यामुळे त्यांना ती चांगली वाटणं साहजिक होतं. पण छापील मुदत बंद ट्यूबची. डोळ्यांचं औषध एकदा उघडलं की साधारण महिन्याभरात टाकून द्यायचं.

डॉक्टर गणपतीतही फोनवर होते. निळ्या प्रकाशात पगच्या बुबुळाच्या मधोमध व्रण दिसला. सुदैवाने त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड नव्हतं. औषध बदललं, दर काही तासांनी थेंब, आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासणी. पाच दिवसांच्या विसर्जनानंतर ते मुंबईला निघतील, तिथे परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात दाखवायला डॉक्टरांनी पत्र दिलं.

त्या कुटुंबातल्या मुलीने पत्रक वाचलं आणि म्हणाली, हे तीन प्रश्न सगळ्यात वर हवेत, आता दुसऱ्या पानावर आहेत. हलवले.

८ सप्टेंबर

उघडल्याची तारीख ट्यूबवर लिहा, असं छापलंय. स्वतः करून बघितलं. अ‍ॅल्युमिनियमच्या तेलकट ट्यूबवर मार्करची शाई दोन दिवसांत पुसली जाते. कागदी चिकटपट्टीवर लिहून ती ट्यूबच्या शेपटाला गुंडाळली तर टिकते. आता ट्यूब देतानाच मी पट्टी लावून देते. पट्टीवर प्राण्याचं नावही लिहायचं: एका घरात दोन जनावरं असली तरी प्रत्येकाची ट्यूब वेगळी.

आपल्याकडच्या दमट उकाड्यात मलम पातळ होतं, टोपण उघडताच ओघळतं. चुलीपासून आणि खिडकीपासून लांब, पाकिटातच ठेवायची. फ्रीजमध्ये ठेवली असेल तर घालण्याआधी मिनिटभर मुठीत धरायची.

२० सप्टेंबर

दवाखान्यात आज अशी प्रकरणं आली ज्यांत मलमाचा उपयोगच नव्हता. पत्रकात यांना जागा देणं गरजेचं, कारण ट्यूबमागून ट्यूब आणि महिन्यांमागून महिने इथेच वाया जातात.

एक कॉकर स्पॅनियल, दोन्ही डोळ्यांत चिकट, तारेसारखं ओढलं जाणारं चिपड. महिनोन् महिने ट्यूब चालू. घातली की बरं, थांबवली की परत. डॉक्टरांनी पापणीत मापाची कागदी पट्टी मिनिटभर धरली. निरोगी कुत्र्यात ओल १५ मिलिमीटर किंवा त्याहून वर चढते, इथे ती जेमतेम सुरू होऊन थांबली. डोळा कोरडा पडलाय, अश्रूच बनत नाहीत. अँटिबायोटिकने अश्रू येत नाहीत. त्याला सायक्लोस्पोरिनचं औषध लागतं, बहुतेक वेळा आयुष्यभर.

दुसरा कुत्रा गोचिडांच्या तापाचा. डोळ्याच्या आत रक्त उतरलेलं. वरून घातलेलं मलम तिथे पोहोचत नाही आणि आजार रक्तातला आहे.

२५ ऑक्टोबर

भातकापणी जोरात. अपेक्षेप्रमाणे कुसळांचे डोळे यायला लागले. शेतातून धावून आलेला कुत्रा, एकच डोळा मिटलेला, सकाळी ठीक आणि संध्याकाळी पाण्याची धार. घरच्यांनी डोळा बघितला, काही दिसलं नाही. कुसळ तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे कुत्र्याच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यात असते त्या आतल्या पापणीच्या, मागे जाऊन बसलं होतं. डॉक्टरांनी भुलीचा थेंब टाकून ती पापणी चिमट्याने उचलली आणि कुसळ ओढून काढलं. त्याचे काटे उन्हात स्पष्ट दिसत होते. मागे कॉर्नियावर खरवडल्याची खूण. ते आत असताना कितीही मलम घातलं असतं तरी प्रत्येक उघडझापीला जखम होतच राहिली असती, आणि मलमाच्या थराने कुसळ दिसणं आणखी कठीण केलं असतं.

पत्रकात नवी ओळ: "कापणीच्या दिवसांत एकच डोळा अचानक मिटला तर आधी कुसळ शोधायला डॉक्टरांकडे. घरी चिमटा लावू नका."

१४ नोव्हेंबर

अंतिम मजकूर डॉक्टरांनी सही करून दिला. शेवटची दुरुस्ती औषध कधी थांबवायचं याची. मी "डोळा बरा दिसेपर्यंत" लिहिलं होतं, त्यांनी ते खोडून "चिठ्ठीवर लिहिलंय तितके दिवस" केलं. लाली जाते त्यानंतरही जंतू शिल्लक असतात, आणि अर्धवट सोडलेल्या औषधाने ते पुढच्या वेळी दाद देत नाहीत. त्याच्याच खाली दुसरी बाजूही आहे: दोन दिवसांत फरक नाही, किंवा डोळा जास्तच मिटायला लागला, तर दिवस मोजत बसू नका, परत या.

२१ नोव्हेंबर

पत्रकं छापून आली. गठ्ठे दवाखान्यात, शिरोड्याच्या दोन मेडिकलांत आणि बंदरावरच्या मासळी सोसायटीत दिले. शेळ्यांचा मजकूर वेगळा छापायचं ठरलंय, कारण मांजरांच्या पत्रकात तो वाचणाऱ्याला सापडत नाही. औषध चालू असताना दूध किती दिवस वापरायचं नाही, हे प्रत्येक औषधाप्रमाणे डॉक्टर लिहून देणार आहेत. चित्रांसाठी चिंगीचे फोटो पुन्हा काढायचे आहेत. पकडीच्या फोटोत माझा अंगठा पापणी झाकतो आहे, तो कोन बाजूने घ्यावा लागेल.